क्लासिक गाडीचे भाग कारखान्यातलेच आहेत का? तारखा, ठसे, पत्रा आणि स्क्रू यांवरून ओळखण्याची रीत

सुटा भाग हातात घेऊन तो ओरिजिनल आहे की नाही, हे सांगता येत नाही. टेबलावर ठेवलेला कार्ब्युरेटर कोणत्या मॉडेलचा आणि कोणत्या वर्षाचा एवढं कळतं. तो याच गाडीवर कारखान्यातून बसून आला का, हे मात्र गाडीची तारीख, शेजारच्या भागांच्या तारखा, बोल्टची डोकी आणि रंगाखालचा रंग असे सगळे मिळून सांगतात. म्हणून आपण तपासतो तो भागांचा आपसातला मेळ. खालचा क्रमही त्याच हिशोबाने आहे. आधी कागदावर गाडीची जन्मतारीख, मग भागांच्या तारखा, आणि हात लावायचं सगळ्यात शेवटी.

‘ओरिजिनल’ म्हणजे नक्की काय

हा एक शब्द बाजारात चार वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात आणि बहुतेक भांडणं तिथूनच सुरू होतात. पहिला प्रकार जन्मजात भागाचा: गाडी लाइनवरून उतरली तेव्हा तिच्यावर असलेला. दुसरा तारीख जुळणारा: त्याच काळातला, तोच नंबर, पण दुसऱ्या गाडीवरून काढलेला. तिसरा कंपनीने सुटा विकलेला सर्व्हिस पार्ट. न वापरलेला जुना साठा, म्हणजे ज्याला एनओएस म्हणतात, तोही यातच येतो. चौथी नक्कल, म्हणजे रिप्रॉडक्शन.

पहिले तीनही त्याच कंपनीचे असतात, म्हणून विकणारा तिघांनाही ‘ओरिजिनल’ म्हणतो आणि तसं बघितलं तर तो खोटं बोलत नसतो. फरक आपल्याला करायचा असतो. काही कंपन्यांच्या नंबरातच तो फरक दिसतो. फोर्डचा सी5झेडई-9510 हा नंबर घ्या. सी म्हणजे 1960चं दशक (बी 1950चं, डी 1970चं), 5 म्हणजे 1965, झेड म्हणजे मस्टँग आणि ई म्हणजे इंजिन विभाग. 9510 हा कार्ब्युरेटरचा मूळ क्रमांक. ब्लॉकसाठी 6015, डिस्ट्रिब्युटरसाठी 12127. चौथ्या जागी ई ऐवजी झेड असेल, म्हणजे सी5झेडझेड असं वाचता आलं, तर तो सर्व्हिस पार्टचा नंबर. असे नंबर खोक्यावर आणि पार्ट्स कॅटलॉगमध्ये असतात, ओतलेल्या धातूवर सहसा इंजिनिअरिंग नंबर असतो. त्यामुळे पार्ट्स कॅटलॉग उघडून कास्टिंगवरचा नंबर शोधला आणि सापडला नाही, म्हणून भाग खोटा ठरवू नका. ही चूक फार होते.

गाडीची जन्मतारीख

नोंदणीचं वर्ष ही जन्मतारीख नव्हे. गाडी शोरूममध्ये वर्षभर पडून राहू शकते. ‘मॉडेल वर्ष’ ही सुद्धा नव्हे. अमेरिकी कंपन्यांचं 1967 मॉडेल 1966च्या उन्हाळ्याअखेर बनू लागे. त्यामुळे 1967च्या गाडीवर 1966 तारखेचे भाग असणं अगदी बरोबर, आणि सुरुवातीच्या गाडीवर 1967चे भाग असणं चूक.

चॅसी नंबरापासून सुरुवात करा. 17 अक्षरांचा प्रमाणित नंबर 1981 मॉडेल वर्षापासून आला आणि त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरत नाहीत. त्याआधीच्या गाडीला तिच्या कंपनीची स्वतःची पद्धत असते, तिचा तक्ता वेगळा मिळवावा लागतो. बनण्याचा नेमका दिवस बहुतेकदा कंपनीच्या दप्तरातून मिळतो. ब्रिटिश मोटर इंडस्ट्री हेरिटेज ट्रस्ट एमजी, ऑस्टिन, मॉरिस यांसारख्या गाड्यांचं प्रमाणपत्र देतो. जॅग्वारसाठी जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्ट. मर्सिडीजचं डेटा कार्ड असतं, त्यात इंजिन नंबर, रंग आणि ऑप्शनचे कोड असतात. 1967 पासूनच्या अमेरिकी फोर्डसाठी मार्टी रिपोर्ट, म्हणजे फोर्डच्या उत्पादन नोंदींवरून काढलेला अहवाल, आणि पॉन्टियॅकसाठी पीएचएस (पॉन्टियॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेस) या संस्थेची कागदपत्रं. बिल्ड शीट, म्हणजे कामगारांसाठी छापलेला कागद, कधी कधी गाडीतच सापडतो: मागच्या सीटच्या स्प्रिंगमध्ये, पेट्रोलच्या टाकीवर, कार्पेटखाली. तो कुजका असतो, ओढू नका. आधी जागेवर फोटो, मग खाली पातळ पुठ्ठा सरकवून उचला.

दिवस हातात आला की चार रकान्यांचा तक्ता करा: भाग, अपेक्षित नंबर, अपेक्षित तारीख, प्रत्यक्ष सापडलेलं. अपेक्षित तारखेचा हिशोब सरळ आहे. भाग गाडीच्या आधी जन्मला पाहिजे. इंजिन ब्लॉक ओतल्यापासून गाडीत बसेपर्यंत काही दिवस ते काही आठवडे जातात. तीन महिन्यांपर्यंतचं अंतर बिनघोर माना. सहा महिन्यांपर्यंतचं, विशेषतः कमी खपाच्या इंजिनात, चालू शकतं. त्याहून जास्त असेल तर कारण शोधावं लागेल. गाडीच्या तारखेनंतरचा एक दिवस जरी असला तरी तो भाग जन्मजात नाही, मग तो कितीही सुंदर असो.

सोबत काय न्यावं

एलईडी टॉर्च, लांब दांड्याचा छोटा आरसा, फोनला जोडायचा बोअरस्कोप (अरुंद जागेत घालायचा बारीक कॅमेरा), कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक, लोखंड आणि अॅल्युमिनियम दोन्हींवर चालणारं पेंट गेज (रंगाची जाडी मोजायचं यंत्र), व्हर्निअर, आटे मोजायचा थ्रेड गेज (55 अंशांचा व्हिटवर्थ आणि 60 अंशांचे युनिफाइड व मेट्रिक), नायलॉनचा मऊ ब्रश, मिनरल स्पिरिट, सुती फडकी, प्लास्टिकची पट्टी, पेन्सिल आणि पातळ कागद.

गाडी धुऊन ठेवायला सांगू नका. इंजिनची खोली धुतली की खडूच्या खुणा, तपासनिसाचे रंगाचे ठिपके, कागदी लेबलं जातात आणि ती परत आणता येत नाहीत. गाडी गार असावी. आधी सगळ्या बाजूंनी फोटो, नंतर स्पर्श.

इंजिन: ओतीव नंबर, ओतीव तारीख, ठोकलेला नंबर

इंजिनावर तीन वेगळ्या गोष्टी वाचायच्या असतात आणि त्या एकमेकींच्या जागी वापरायच्या नसतात. ओतीव म्हणजे कास्टिंगचा नंबर उठावदार असतो, साच्यातूनच आलेला. तो फक्त ब्लॉकचा नमुना सांगतो. शेवरलेचा 3970010 हा ब्लॉक 1969 पासून पुढे कित्येक वर्षं कारमध्येही गेला आणि ट्रकमध्येही. त्यामुळे ‘नंबर बरोबर आहे’ एवढ्यावर थांबलात तर ट्रकचा ब्लॉकसुद्धा ओरिजिनल ठरतो.

ओतीव तारीख जास्त कामाची. जनरल मोटर्समध्ये (जीएम, शेवरलेची मूळ कंपनी) महिन्याचं अक्षर, दिवस, वर्षाचा शेवटचा अंक असा क्रम असतो: ‘सी 15 7’ म्हणजे 15 मार्च, आणि वर्ष 7ने संपणारं. दशक कास्टिंग नंबरावरून ठरवायचं. फोर्डमध्ये वर्ष आधी येतं: ‘5 एफ 22’ म्हणजे 22 जून 1965. फोर्डच्या महिन्यांत आय अक्षर गाळलेलं आहे, म्हणून एच ऑगस्ट, जे सप्टेंबर आणि एम डिसेंबर. क्रायस्लर सरळ आकड्यांत महिना-दिवस-वर्ष लिहितं. जीएमच्या मन्सी गिअरबॉक्सवर तर 1967 पासून महिन्यांची अक्षरं ए, बी, सी, डी, ई आणि मग एकदम एच अशी जातात. प्रत्येक कारखान्याची अक्षरमाला तपासल्याशिवाय महिना लिहू नका. एका अक्षराच्या चुकीने चांगलं इंजिन ‘उशिराचं’ ठरतं.

तिसरा ठोकलेला नंबर. इथे सगळ्यात जास्त पैसा असतो आणि सगळ्यात जास्त लबाडीही इथेच होते. अमेरिकी गाड्यांवर 1968 पासून इंजिन आणि गिअरबॉक्सवर गाडीच्या चॅसी नंबराचा काही भाग ठोकलेला असतो. शेवरलेच्या व्ही8 मध्ये ती जागा उजव्या हेडच्या पुढच्या टोकाजवळ, ब्लॉकच्या सपाट पट्टीवर असते, बहुतेकदा ऑल्टरनेटरच्या किंवा त्याच्या कंसाच्या (ब्रॅकेटच्या) आड.

ही पट्टी कशी वाचायची ते नीट बघा. स्पिरिटमध्ये भिजवलेलं फडकं दहा मिनिटं ठेवा, मग नायलॉन ब्रशने चिकटा काढा. पॉलिश पेपर, वायर ब्रश, तारेचं चाक यांतलं काहीही लावू नका, कारण पुरावा अंकांइतकाच अंकांमधल्या पृष्ठभागात असतो. आता टॉर्च जवळजवळ पट्टीला टेकवून आडवा प्रकाश टाका. कारखान्यात ब्लॉकचा वरचा चेहरा ब्रोचने, म्हणजे दात्यांच्या लांब हत्याराने, तासलेला असतो. त्याच्या केसासारख्या बारीक, एकमेकींना समांतर रेघा क्रँकच्या दिशेने पुढून मागे जातात. या रेघा अंकांच्या मधूनही सलग दिसल्या पाहिजेत आणि अंकाच्या कडेला धातू किंचित उचललेला असला पाहिजे. पट्टी आरशासारखी गुळगुळीत असेल, रेघा आडव्या किंवा गोल फिरलेल्या असतील, किंवा अंक जिथे आहेत तेवढाच भाग खोलगट असेल, तर जुना नंबर घासून नवा ठोकलेला आहे असं धरून चाला. एक सवलत मात्र द्यायची: इंजिन उघडून ब्लॉकचा चेहरा मशीनवर घेतला असेल तर रेघा प्रामाणिकपणेही जातात. पण तेव्हा मूळ नंबरही गेलेला किंवा अर्धवट राहिलेला असतो. रेघा नाहीत आणि नंबर मात्र खोल, कोरा, टवटवीत, हे दोन्ही एकत्र जमत नाही.

पुढची खूण त्याहून बोलकी. शेवरलेच्या पट्टीवर दोन ठसे असतात. इंजिन कारखान्याने ठोकलेला (कारखान्याचं अक्षर, महिना, दिवस आणि कोणत्या प्रकारचं इंजिन ते सांगणारी अक्षरं) आणि गाडी जोडणाऱ्या कारखान्याने ठोकलेला चॅसी नंबराचा तुकडा. दोन गावं, दोन माणसं, दोन वेगळे पंच. म्हणून अंकांचा आकार, खोली, तिरकसपणा यांत फरक असायलाच हवा. दोन्ही ओळी एका हाताने लिहिल्यासारख्या दिसल्या तर त्या एकाच हाताने ठोकल्या आहेत. आणखी एक: कारखान्यात एका ओळीचे पंच एका पकडीत बसवून एकदम ठोकत, त्यामुळे त्यांचा तळ एका रेषेत येतो. सुटे पंच हातोडीने मारले की एखादा अंक खाली सरकतो, एखादा फिरतो.

शेवटी त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल फिरवा आणि तो कागद जपून ठेवा. फोटोत प्रकाश फसवतो, कागदावर अंकाचं माप तसंच उतरतं. दोन गाड्यांचे कागद शेजारी ठेवून 3 आणि 8च्या आकारांची तुलना करता येते.

नंबर मुळातच नसेल तर? सर्व्हिसमध्ये बदलून दिलेले ब्लॉक कोरे येत. जीएमच्या काही ब्लॉकवर ‘सीई’ ठोकलेलं असतं, म्हणजे काउंटरवर बदलून दिलेलं इंजिन. असा ब्लॉक वॉरंटीत बसलेला असू शकतो. तो खोटा नव्हे, पण जन्मजातही नव्हे. त्यावर नंतर नंबर ‘चढवला’ असेल तर मात्र ती फसवणूक.

प्रत्येक कंपनीत नंबर असा खोल ठोकलेला मिळेलच असं नाही. एमजीबीचा इंजिन नंबर ब्लॉकला रिवेट केलेल्या लहान पट्टीवर असतो, आणि पट्टी कुठेही जाऊ शकते. तिथे पट्टीवरचा उपसर्ग, म्हणजे नंबराआधीची अक्षरं, आणि इंजिनाची रचना जुळवा: 18जी आणि 18जीए तीन बेअरिंगच्या क्रँकचे, 1964च्या शेवटी आलेलं 18जीबी पाच बेअरिंगचं. पट्टीवर 18जीए आणि आत पाच बेअरिंग असतील तर पट्टी दुसरीकडून आली आहे. जॅग्वारच्या एक्सके इंजिनात तोच नंबर ब्लॉकवर आणि हेडवरही ठोकतात. ब्लॉक जुळतो आणि हेड जुळत नाही अशा गाड्या भरपूर आहेत, त्यामुळे दोन्ही वाचल्याशिवाय ‘मॅचिंग’ (सगळे नंबर जुळणारी) म्हणू नका. फोक्सवॅगन बीटलचा इंजिन नंबर जनरेटरच्या बैठकीखाली आणि चॅसी नंबर मागच्या सीटखाली, गाडीच्या तळातल्या मधल्या बोगद्यावर असतो.

इंजिनाला लागलेल्या गोष्टी

इथे बदललेले भाग सर्वात जास्त सापडतात, कारण या गोष्टी झिजतात आणि बदलल्या जातात. एसयू कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरच्या झाकणाच्या स्क्रूखाली अॅल्युमिनियमची छोटी पट्टी असते, तिच्यावर एयूसी किंवा एयूडीने सुरू होणारा नंबर. पट्टी स्क्रूखाली सैल अडकवलेली असते, म्हणून पट्टी बरोबर असणं पुरेसं नाही. आतली सुई आणि जेट त्या नंबराच्या तक्त्याशी जुळवा. हॉली कंपनीच्या कार्ब्युरेटरवर ‘लिस्ट’ असा शब्द आणि नंबर चोकच्या कडेला ठोकलेला असतो. वेबर कार्ब्युरेटरवर मॉडेल नंबर बैठकीच्या काठावर.

ल्यूकस या ब्रिटिश विद्युत सामानाच्या कंपनीच्या डायनॅमो, स्टार्टर, डिस्ट्रिब्युटरवर पार्ट नंबर आणि महिना-वर्ष ठोकलेलं असतं, उदाहरणार्थ ‘10 65’. हा मजकूर बॉडीवर असतो, टोपीवर नाही. टोपी, रोटर, कॉइलची वायर बदललेली असली तर ती झीज समजा. पण डिस्ट्रिब्युटरची बॉडी गाडीपेक्षा दोन वर्षांनी नवीन असेल तर कधीतरी इंजिनचं मोठं काम झालेलं आहे. मग त्याच कामाच्या खुणा इतरत्र शोधा. बदललेले भाग सहसा एकटे येत नाहीत. एका वेळी पाण्याचा पंप, होज, क्लिप आणि गॅस्केट असा घोळका बदलतो, आणि त्या सगळ्यांवर एकाच काळाची छाप असते.

बोल्ट आणि स्क्रू

ज्यांना घाई असते ते हा भाग सोडून देतात. खरं तर एका बोल्टच्या डोक्यावर पूर्ण इतिहास असू शकतो.

बिजागरीपासून सुरू करा. बहुतेक कारखान्यांत दार आणि बोनेट बिजागरीसकट बॉडीबरोबर रंगत. म्हणून बिजागरीच्या बोल्टवर बॉडीचाच रंग असतो आणि सहा कोपऱ्यांवर तो शाबूत असतो. कोपरा चमकतोय म्हणजे पाना लागलाय. वॉशरभोवती रंगाची जुनी वर्तुळं सरकलेली दिसली तर दार काढून परत बसवलं आहे किंवा नवीन आहे. बोनेट, दोन्ही दारं, डिकी, पुढची मडगार्डं: प्रत्येकाचे बोल्ट याच नजरेने बघा. पोर्शे 356च्या दारांवर आणि झाकणांवर चॅसी नंबराचे शेवटचे आकडे ठोकलेले असतात, ते जुळतात का बघा.

मग डोक्यावरच्या खुणा. अमेरिकी बोल्टवर तीन रेघा म्हणजे ग्रेड 5, सहा म्हणजे ग्रेड 8. जर्मन गाड्यांत 1960च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत 8जी, 10के अशा जुन्या खुणा दिसतात, 8.8 हे त्यानंतरचं. म्हणजे 1958च्या जर्मन गाडीवर 8.8 दिसला तर तो बोल्ट नंतरचा. फिलिप्स स्क्रू मोटार कारखान्यांत 1930च्या दशकाच्या मध्यात आला, त्यामुळे 1929च्या गाडीच्या डॅशबोर्डवर फिलिप्स असणं अशक्य. फिलिप्ससारखाच, पण मुख्य चार खाचांमध्ये चार बारीक रेघा असलेला तो पॉझिड्राइव्ह. तो 1960च्या दशकातला.

आट्यांच्या बाबतीत सावध राहा. 1948मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी युनिफाइड आटे मान्य केले आणि ब्रिटिश गाड्या 1950च्या दशकात हळूहळू त्यावर गेल्या. पण एकाच गाडीत जुने आणि नवे दोन्ही सापडतात. एमजीच्या टी मालिकेतलं एक्सपीएजी इंजिन तर मेट्रिक आट्यांचं आहे आणि त्याच्या बोल्टची डोकी व्हिटवर्थ पान्याची! ‘ब्रिटिश गाडीत मेट्रिक म्हणजे बदललेलं’ असा नियम लावणाऱ्याने या इंजिनातले चांगले बोल्ट फेकून दिले असते. म्हणून आटा मोजा, डोकं मोजा आणि त्या विशिष्ट इंजिनाच्या पुस्तकाशी ताडून बघा.

मुलाम्यावरूनही कळतं. जुन्या बोल्टवर कॅडमियम किंवा काळपट फॉस्फेट असे. आजच्या झिंकची निळसर चकाकी शेजारी ठेवली की लगेच वेगळी दिसते.

पत्रा, झाळण आणि शिसं

कारखान्याचं स्पॉट वेल्डिंग म्हणजे पत्र्यावर साधारण 5 ते 6 मिलिमीटरचा गोल, उथळ खळगा, कारण दोन्ही बाजूंनी इलेक्ट्रोड दाबलेले असतात. दुरुस्तीत सहसा वरच्या पत्र्याला भोक पाडून ते वेल्डने भरतात आणि घासतात. तिथे खळग्याऐवजी सपाट किंवा किंचित फुगीर चकती दिसते आणि मागून पाहिलं तर उष्णतेचा निळसर डाग. दारांच्या चौकटीतली रबरं खाली ओढून ही रांग बघा. डिकीचा तळ, बोनेटखालच्या पट्ट्या आणि सिलच्या (दाराखालच्या पत्र्याच्या पट्टीच्या) खालची कडही बघा. डावी-उजवी बाजू तंतोतंत सारखी असायची गरज नाही, हाताने झाळलेल्या बॉडीत कारखान्यातही अंतरं बदलत. पण एका बाजूला खळगे आणि दुसऱ्या बाजूला चकत्या असतील तर ती बाजू बदलली आहे.

लोहचुंबक वापरताना एक गोष्ट लक्षात ठेवा. छप्पर आणि मागचा पत्रा जिथे जुळतो, तिथे अनेक कारखाने जोड शिशाने भरत. शिशावर चुंबक लागत नाही आणि पेंट गेजही भलता मोठा आकडा दाखवतं, अगदी पुट्टीसारखंच. त्यामुळे ‘चुंबक सुटला, म्हणजे पुट्टी’ हा निष्कर्ष जोडाच्या जागी चुकीचा असतो. आतली बाजू बघा: शिशाचा जोड असेल तर आतून कारखान्याचे स्पॉट वेल्ड शाबूत दिसतील. दाराच्या मधोमध किंवा चाकाच्या कमानीच्या काठावर चुंबक सुटला तर मात्र ती पुट्टीच.

चॅसी नंबराची पट्टी आणि बॉडीची पट्टी कोणत्या रिवेटने लावली आहे ते बघा. जीएमने 1960च्या दशकाच्या मध्यापासून चॅसी नंबराच्या पट्टीला फुलाच्या पाकळ्यांसारख्या डोक्याचे रिवेट वापरले. तिथे मध्ये भोक असलेला साधा पॉप रिवेट दिसला तर काम थांबवा आणि आधी कागदपत्रं तपासा. ही पट्टी स्वतः काढून बघू नका. बऱ्याच ठिकाणी तो गुन्हा आहे आणि पुरावाही जातो.

रंग

गेज आधी त्याच गाडीच्या स्वच्छ धातूवर किंवा सोबतच्या चकतीवर शून्यावर आणा. प्रत्येक पत्र्यावर किमान दहा ठिकाणी मोजा आणि सगळे आकडे लिहा. साधारण 80 ते 150 मायक्रॉन हा मूळ रंगाचा पट्टा. 200च्या पुढे बहुतेकदा दुसरा हात, 400-500च्या पुढे खाली पुट्टी किंवा शिसं. पण आकड्यापेक्षा फरक जास्त सांगतो. सगळीकडे 120 आणि एका दारावर 260 असेल तर त्या दाराची कथा वेगळी आहे. हाताने लॅकरचे थर चढवलेल्या गाड्यांत मूळ रंगही जाड असतो, तिथे एकच एक आकडा कसोटी मानू नका.

नंतर फडक्याची चाचणी. न दिसणाऱ्या जागी थोडं मऊ पॉलिश घेऊन पांढऱ्या फडक्याने घासा. फडक्यावर गाडीचा रंग उतरला तर तो एकेरी रंग आहे. फडकं पांढरंच राहिलं तर वर क्लिअर कोट आहे, आणि क्लिअर कोट सर्रास झाला 1980च्या दशकात. म्हणून 1965च्या साध्या रंगाच्या गाडीवर क्लिअर म्हणजे नंतरचा रंग. उलट बाजू मात्र सिद्ध होत नाही, कारण दुसऱ्यांदा रंगवतानाही एकेरी रंग वापरता येतो.

काचेच्या रबराची कड प्लास्टिकच्या पट्टीने हळूच उचला. कारखान्यात बॉडी आधी रंगते, रबर नंतर बसतं, म्हणून रंग रबराखाली सलग जातो. रबराच्या काठाने रंगाची पायरी दिसली तर काच न काढता रंगवलं आहे. डॅशबोर्डच्या आत, दाराच्या पॅनेलमागे, सुट्या चाकाच्या खड्ड्याखाली जन्माचा रंग टिकलेला असतो. रंगाच्या कोडशी तो जुळवा.

थर मोजायचे असतील तर लपलेल्या जागी, नखाएवढ्या भागात, पाण्यात भिजवलेल्या 1000 आणि मग 2000 नंबरच्या पेपरने हलकं घासा. कांद्यासारखी वर्तुळं उमटतात. कोरडं घासू नका आणि मास्क लावा. जुन्या रंगात शिसं असतं. ब्रेक आणि क्लचच्या धुळीत अॅस्बेस्टॉस असू शकतं, तिथे हवा मारू नका.

काच आणि दिवे

हे लवकर उरकतं. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यातला छाप वाचा आणि एकमेकांशी ताडा. ट्रिप्लेक्स या ब्रिटिश काच कंपनीच्या छापात अक्षरांजवळच्या ठिपक्यांत तारीख असते, अमेरिकी एलओएफ (लिबी-ओवेन्स-फोर्ड) कंपनीच्या काचेवर दोन अक्षरांत महिना आणि वर्ष. पुढची काच दगडाने फुटते, म्हणून ती वेगळी असली तरी फार मनावर घेऊ नका. दारांच्या आणि मागच्या काचा मात्र एकाच काळातल्या हव्यात. एकाच बाजूच्या दोन काचा वेगळ्या तारखेच्या असतील तर परत त्या बाजूचे स्पॉट वेल्ड बघायला जा. अमेरिकी मागच्या दिव्यांच्या काचेवर एसएई (अमेरिकी वाहन अभियंत्यांची संस्था) या अक्षरांपाठोपाठ वर्षाचे दोन अंक असतात.

वायरिंग आणि आतली बाजू

जुन्या ब्रिटिश हार्नेसवर (वायरींच्या जुडग्यावर) कापडी विणीचं वेष्टन असतं आणि ल्यूकसचे रंग ठरलेले असतात: तपकिरी बॅटरीकडून, पांढरा इग्निशनचा, हिरवा इग्निशननंतर फ्यूजमधून, जांभळा सतत चालू फ्यूजचा, निळा हेडलाइटचा, लाल साइड लाइटचा, काळा अर्थ. हार्नेस फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीतून, जातो तिथलं रबर उलटून आतला, उन्हाने न विटलेला रंग बघा. निळे-लाल प्लास्टिकचे दाबायचे टर्मिनल दिसले तर तिथे नंतर कोणीतरी हात घातला आहे.

सीटचं कापड वरून ठरवू नका, उलटून बघा. कव्हर ताणून धरणाऱ्या कड्यांची भोकं एकच आहेत की शेजारी जुन्या भोकांची दुसरी रांग आहे? दुसरी रांग असेल तर कव्हर बदललंय. पॅनेलच्या मागच्या बाजूला पेन्सिलने किंवा खडूने लिहिलेले आकडे असतील तर पुसू नका. सीट बेल्टच्या लेबलवर तारीख असते, ती तक्त्यात लिहा. कागदी लेबल संशयास्पद वाटलं तर अतिनील टॉर्च मारा. कागदाला निळसर चमक देणारी रसायनं साधारण 1950 नंतर वापरात आली, त्यामुळे 1938च्या गाडीवरचं लख्ख निळं चमकणारं लेबल तेव्हाचं नव्हे.

जिथे अनुभवी माणसंही चुकतात

अति चकचकीत गाडी ही अडचण असते. कारखान्यातल्या गाडीवर रंगाचे ओघळ, फायरवॉलवर ओव्हरस्प्रे, चॅसीवर अर्धवट झाकलेले डाग असत. ते सगळं पुसून आरसा केलेल्या गाडीत भाग खरे असले तरी पुरावा गेलेला असतो. उलट, मुद्दाम मळवलेली गाडीही मिळते. खरा मळ थरांत साचतो आणि बोल्टखाली, कंसामागेही असतो. खोटा मळ वरवर आणि सगळीकडे सारखा.

दुसरी चूक पुस्तकावर आंधळा विश्वास. कारखाने मॉडेल वर्षाच्या मध्येच भाग बदलत आणि जुना साठा संपेपर्यंत दोन्ही लावत. पुस्तकात ‘अमुक महिन्यापासून’ लिहिलं असेल तर त्या महिन्याच्या अलीकडे-पलीकडे दोन-तीन आठवडे दोन्ही शक्यता उघड्या ठेवा.

तिसरी, एका जुळणाऱ्या मोठ्या भागाने दिपून जाणं. ब्लॉक जुळला की बाकी सगळं जुळेल असं वाटायला लागतं आणि नजर सैल होते. म्हणून तक्ता वरून खाली नाही, उलटा भरा: आधी स्क्रू, काचा, वायर, आणि ब्लॉक सगळ्यात शेवटी.

निर्णय कसा लिहायचा

प्रत्येक भागापुढे चारपैकी एक शेरा लिहा: जन्मजात, तारीख जुळते, सर्व्हिस पार्ट, नक्कल. ‘जन्मजात’ लिहायला तीन गोष्टी लागतील: नंबर बरोबर, तारीख चौकटीत, आणि भाग कधी काढल्याची खूण नाही. तिसरी अट पुरी होत नसेल तर ‘तारीख जुळते’ एवढंच लिहा. इंजिनला मात्र ठोकलेला नंबर आणि त्याचा कागदावरचा ठसा लागेल. नीट पाहता आला नाही तो रकाना कोरा ठेवा आणि का पाहता आलं नाही ते लिहा: ‘कंस न काढता दिसत नाही’, ‘गंजाने पुसलं’.

बदलून काढलेला मूळ भाग फेकू नका, तो तुटका असला तरी. पिशवीत घालून त्यावर भागाचं नाव, गाडीचा चॅसी नंबर, काढल्याची तारीख आणि कुठून काढला ते लिहा. बोल्ट त्याच पिशवीत, वेगळ्या पुडीत. पुढे कधी तो भाग दुरुस्त होऊन परत बसला, तर त्याच्या चिठ्ठीवरून तक्त्यातला शेरा बदलता येतो.